अपग्रेडनंतर कॅमेरे लाइव्ह दिसतात, पण रेकॉर्डिंग होत नाही: शोध कुठून सुरू करायचा?

तुमची अडचण आधी एका जागी मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मिनी पीसीवर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारी सोय) फ्रिगेट हे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर चालतं, चार कॅमेरे आहेत, रेकॉर्डिंगसाठी 2 टीबीची वेगळी डिस्क जोडलेली आहे. 0.13 वरून तुम्ही मधल्या आवृत्त्या ओलांडून थेट 0.16 वर गेलात आणि त्या निमित्ताने कॉन्फिग फाइलही (सगळी सेटिंग लिहिलेली फाइल) बरीचशी नव्याने लिहिलीत. आता चारही कॅमेरे लाइव्ह दिसतात. पण दारावरच्या कॅमेऱ्याची एकही फाइल तयार होत नाही, गॅरेजचं रेकॉर्डिंग मधूनमधून तुटतं, उरलेल्या दोघांचं दिवसरात्र सलग होणारं रेकॉर्डिंग फक्त हालचालीपुरतं उरलंय, आणि अपग्रेडच्या आधीचं सगळं टाइमलाइनवरून गायब आहे. शेवटी तुम्ही विचारलंय की सरळ जुन्या आवृत्तीवर परत जाऊ का.

आज तरी जाऊ नका. नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ती डेटाबेसची रचना बदलते, आणि ती बदललेली रचना जुन्या आवृत्तीला कळेलच असं नाही. अपग्रेडच्या आधीची डेटाबेसची प्रत हातात असेल तर मागे जाणं सोपं आहे. तुमच्याकडे ती नाही. म्हणजे मागे गेलात तर आत्ताच्या बिघाडात आणखी एकाची भर पडेल. दुसरं म्हणजे, तुम्ही दिलेला लॉग (फ्रिगेटने केलेल्या नोंदी) आणि कॉन्फिग वाचल्यावर माझं स्पष्ट मत आहे की तुमच्याकडे हा एक बिघाड नाहीये. चार वेगवेगळे बिघाड एकाच दिवशी उघडे पडलेत. सगळ्यांवर एकच उपाय शोधत बसलात तर आठवडा जाईल. एकेक सुटा केलात तर एका संध्याकाळचं काम आहे.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करते, कारण त्यात लोकांचा सर्वाधिक वेळ वाया जातो. लाइव्ह चित्र दिसतं याचा अर्थ रेकॉर्डिंगचा मार्ग ठीक आहे असा होत नाही. ते एकाच टाकीचे दोन वेगळे नळ आहेत. लाइव्ह चित्र बहुधा गो-टू-आरटीसीमधून (कॅमेऱ्याची स्ट्रीम घेऊन पुढे वाटणारा फ्रिगेटमधला भाग) किंवा कॅमेऱ्याच्या कमी रिझोल्यूशनच्या सब-स्ट्रीममधून येतं. रेकॉर्डिंगसाठी एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमची वेगळी प्रोसेस मुख्य स्ट्रीम उचलते, तिचे सुमारे 10 सेकंदांचे तुकडे करून आधी रॅममधल्या कॅशमध्ये टाकते, मग फ्रिगेट त्यातला कुठला तुकडा ठेवायचा ते ठरवतं, ठेवायचा तो डिस्कवर हलवतं आणि त्याची नोंद डेटाबेसमध्ये करतं. टाइमलाइन दाखवते ती ही नोंद. यातला कुठलाही सांधा निखळला तरी लाइव्ह चित्र सुरळीतच दिसत राहतं. म्हणून लाइव्ह पानाकडे बघून निदान करायचं नाही. निदान डिस्कवरच्या फाइलपासून सुरू करायचं.

तर पहिलं काम. ब्राउझर बंद ठेवा, टर्मिनल उघडा आणि रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये जा. फ्रिगेटमध्ये आधी तारखेचं फोल्डर, त्यात तासाचं, त्यात कॅमेऱ्याच्या नावाचं, आणि आत मिनिट-सेकंदाच्या नावाच्या एमपी4 फाइल अशी रचना असते. तासाचं फोल्डर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळेनुसार असतं, स्थानिक वेळेनुसार नाही. हे माहीत नसलेले कित्येक जण चुकीच्या तासात बघून ‘रेकॉर्डिंगच नाही’ असं ठरवून मोकळे होतात.

आता मोजा. 10 सेकंदांचा एक तुकडा म्हणजे मिनिटाला 6, तासाला 360. सलग रेकॉर्डिंग चालू असलेल्या कॅमेऱ्याच्या तासाच्या फोल्डरमध्ये जवळपास तेवढ्या फाइल दिसायला हव्यात. 4 एमबीपीएस बिटरेटचा कॅमेरा असेल तर एक तुकडा साधारण 5 एमबीचा हवा. 360 च्या जागी 200 असतील तर तुकडे गळताहेत. 360 असून प्रत्येक फाइल काही केबींची असेल तर स्ट्रीममध्ये चित्रच येत नाहीये. फोल्डरच नसेल तर प्रोसेस सुरूच होत नाहीये, किंवा तयार झालेला तुकडा ठेवायचा नाही असं फ्रिगेटने ठरवलंय. आणि फाइल जागच्या जागी आहेत, व्हीएलसी प्लेअरमध्ये नीट चालतात, पण टाइमलाइनवर नाहीत, तर रेकॉर्डिंग उत्तम चाललंय आणि अडचण डेटाबेसची किंवा ब्राउझरची आहे. एवढं कळलं की बाकीचा शोध निम्म्याने कमी होतो.

दारावरचा कॅमेरा: एकही फाइल नाही

तुमच्या लॉगमध्ये या कॅमेऱ्याच्या नावाने दर काही सेकंदांनी तीच ओळ येते आहे: पीसीएम म्यू-लॉ हा कोडेक (आवाज साठवण्याची पद्धत) या कंटेनरमध्ये चालत नाही. इथे कंटेनर म्हणजे एमपी4 हा फाइलचा प्रकार, डॉकरचा कंटेनर नव्हे. तिच्याखाली लगेच, हेडर लिहिता आलं नाही, अशी तक्रार आहे आणि मग एफएफएमपेग पुन्हा सुरू झाल्याची नोंद. बिघाड एवढ्यातच आहे.

घरगुती आयपी कॅमेऱ्यांत मायक्रोफोनचा आवाज बरेचदा जी.711 प्रकारात पाठवला जातो. म्यू-लॉ आणि ए-लॉ ही त्याचीच दोन रूपं, मुळात टेलिफोनसाठी बनलेली. एमपी4 फाइलमध्ये एफएफएमपेग हा आवाज आहे तसा ठेवू शकत नाही. आवाजाची अशी अडचण आली की ‘आवाज वगळून चित्र तरी ठेव’ असं एफएफएमपेग आपणहून करत नाही. फाइलचं हेडरच लिहिता येत नाही म्हणून अख्खी प्रोसेस थांबते. फ्रिगेट ती पुन्हा सुरू करतं, ती पुन्हा तिथेच थांबते.

तुमच्या जुन्या कॉन्फिगमध्ये रेकॉर्डिंगचा साधा प्रीसेट (एफएफएमपेगसाठीच्या तयार सेटिंगचा संच) होता, तो आवाज घेतच नाही. नव्याने लिहिताना तुम्ही आवाज जसाच्या तसा कॉपी करणारा प्रीसेट निवडलात. बाकीच्या तीन कॅमेऱ्यांना त्याने फरक पडला नाही, कारण दोघांचा आवाज आधीच एएसी (एमपी4 मध्ये चालणारा प्रकार) आहे आणि तिसऱ्याला मायक्रोफोन नाही. त्यामुळे संशय कॅमेऱ्यावर जाणं स्वाभाविक होतं, पण कॅमेरा निर्दोष आहे.

उपाय दोन आहेत. आवाज हवा असेल तर आवाजाचं एएसीमध्ये रूपांतर करणारा प्रीसेट लावा. आवाजाच्या रूपांतराला प्रोसेसरची ताकद अगदी नगण्य लागते. चित्र तसंच कॉपी होतं, त्याच्या दर्जाला धक्का लागत नाही. आवाज नको असेल तर साधा प्रीसेट परत आणा. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार एएसी करता येत असेल तर ते सगळ्यात स्वच्छ, कारण मग पुढे कुठलंही सॉफ्टवेअर लावलंत तरी हा प्रश्न येणार नाही. खात्रीसाठी एफएफप्रोबला (स्ट्रीमची माहिती दाखवणारा, एफएफएमपेगच्या जोडीचा प्रोग्रॅम) स्ट्रीमचा पत्ता द्या. चित्राची एक ओळ आणि आवाजाची एक ओळ छापून येईल, त्यात कोडेकचं नाव स्पष्ट असतं.

याच जातीची आणखी एक अडचण तुमच्याकडे नाही, पण जुनी मांडणी पुढे नेणाऱ्यांना हमखास भेटते. आरटीएसपीसाठी (कॅमेऱ्याची स्ट्रीम पाठवण्याची पद्धत) वेळमर्यादा सांगणारा ‘एस-टाइमआउट’ नावाचा पर्याय एफएफएमपेगमध्ये होता. 2022 मध्ये आलेल्या 5.0 आवृत्तीपासून तो काढला गेला आणि ते काम साध्या ‘टाइमआउट’कडे आलं. कुणी हाताने लिहिलेल्या आर्ग्युमेंट्समध्ये (एफएफएमपेगला दिलेल्या सूचनांमध्ये) जुना शब्द राहिला असेल, तर नवा एफएफएमपेग ‘हा पर्याय सापडत नाही’ म्हणून सुरूच होत नाही. मूल्य दोन्हीकडे मायक्रोसेकंदात असतं, 5 सेकंदांसाठी 50 लाख. त्यामुळे फक्त नाव बदलायचं, आकडा तोच ठेवायचा. हे फक्त फ्रिगेटपुरतं नाही. ज्या सॉफ्टवेअरच्या पोटात एफएफएमपेग आहे आणि ज्यात तुम्ही स्वतःची आर्ग्युमेंट्स दिली आहेत, त्या सगळ्यांना ते लागू पडतं. अपग्रेडमध्ये सॉफ्टवेअरची आवृत्ती बदललेली आपल्याला दिसते, आतल्या एफएफएमपेगची बदललेली दिसत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की जुनी आर्ग्युमेंट्स काढून आधी तयार प्रीसेटवर चालवून बघा. फ्रिगेटच्या नव्या आवृत्त्यांत 7.0 आणि 5.0 असे दोन एफएफएमपेग दिलेले असतात आणि कॉन्फिगमधून जुना निवडता येतो. एखादा हट्टी कॅमेरा नव्यावर चालतच नसेल तर ही सोय उपयोगी पडते.

दोन कॅमेरे: सलग रेकॉर्डिंग बंद, फक्त हालचाल

इथे काहीच बिघडलेलं नाही. फ्रिगेट तुम्ही सांगितलंय तेच करतंय.

0.13 मध्ये रेकॉर्डिंगच्या भागात दोन गोष्टी असायच्या: सगळं किती दिवस ठेवायचं, आणि इव्हेंटचं, म्हणजे काही घडलं त्या वेळचं, किती दिवस. 0.15 पासून इव्हेंटची जागा अलर्ट (लक्ष द्यावं अशा घटना) आणि डिटेक्शन (बाकीच्या ओळखलेल्या घटना) अशा दोन वेगळ्या नियमांनी घेतली. हे रूपांतर फ्रिगेट आपोआप करतं आणि मूळ फाइलची प्रत त्याच फोल्डरमध्ये काढून ठेवतं. पण त्यासाठी कॉन्फिग फाइलवर लिहिण्याची परवानगी लागते. तुम्ही ती फाइल कंटेनरला फक्त वाचण्यापुरती दिली होती, त्यामुळे रूपांतर झालं नाही, चूक दाखवली गेली, आणि मग तुम्ही तो अख्खा भाग काढून नव्याने लिहिलात. नव्या भागात अलर्ट 30 दिवस आणि डिटेक्शन 14 दिवस आहे. सलग रेकॉर्डिंगच्या दिवसांची ओळ मात्र लिहायची राहिली. ती नसेल तर 0 धरलं जातं. म्हणजे प्रत्येक तुकडा कॅशमध्ये तयार होतो, त्यात काही घडलंय का ते बघितलं जातं, आणि घडलं नसेल तर तो डिस्कवर न जाताच टाकून दिला जातो.

रेकॉर्डिंगच्या भागात सलग ठेवण्याचे दिवस लिहा आणि मोड ‘ऑल’ करा. किती दिवस ठेवायचे ते मात्र हिशेबाने ठरवा. 4 एमबीपीएसचा एक कॅमेरा तासाला 1.8 जीबी आणि दिवसाला सुमारे 43 जीबी घेतो. चार कॅमेऱ्यांचे 173 जीबी. तुमच्या 2 टीबीत सलग रेकॉर्डिंगचे साधारण 11 दिवस बसतात, तेही डिस्कवर दुसरं काही नसेल तर. अलर्टसाठी जागा सोडून 7 दिवस सलग ठेवणं मला योग्य वाटतं. 30 लिहून बघू म्हणाल तर जागा संपत आल्यावर, म्हणजे तासाभरापेक्षा कमी शिल्लक राहिल्यावर, फ्रिगेट सर्वांत जुन्या दोन तासांचं रेकॉर्डिंग पुसून टाकतं. ही आणीबाणीची सोय आहे. तिच्यावर रोजचा कारभार चालवू नये.

आणखी एक बाब, जी कागदोपत्री लिहिलेली असूनही नजरेतून सुटते. कॉन्फिगमध्ये रेकॉर्डिंग बंद असेल तर स्क्रीनवरचं किंवा एमक्यूटीटीचं (उपकरणांमध्ये निरोप पोचवणारी पद्धत) बटण चालू करून काहीही होत नाही. बटण हिरवं दिसेल, फाइल येणार नाही. आधी कॉन्फिगमध्ये चालू हवं, मग बटणाला अर्थ आहे. उलटही होतं: घरी आलं की रेकॉर्डिंग बंद करणारं एखादं ऑटोमेशन कधीकाळी लावलेलं असतं, आणि त्याने बंद केलेलं बटण कुणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्याकडे होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, तेव्हा एकदा बघून घ्या.

गॅरेज: तुकडे गळतात

लॉगमध्ये दोन प्रकारच्या तक्रारी येऊ शकतात आणि त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. कॅशमधले तुकडे वेळेत हलवता येत नाहीत म्हणून जुने टाकून देतोय, अशी ओळ असेल तर मागची बाजू अडली आहे: डिस्क मंद आहे, नेटवर्कवरची डिस्क अडखळते आहे, किंवा प्रोसेसर दमलाय. गेल्या 120 सेकंदांत नवा तुकडाच तयार झाला नाही, अशी ओळ असेल तर पुढची बाजू अडली आहे: कॅमेऱ्याकडून स्ट्रीम येत नाही. तुमच्याकडे दुसरी आहे, आणि फक्त गॅरेजच्या नावाने आहे. डिस्क दोषी असती तर चौघांनाही त्रास झाला असता. तेव्हा डिस्कला सध्या हात लावू नका.

गॅरेजच्या कॅमेऱ्यावर आत्ता किती जण एकाच वेळी स्ट्रीम मागतात ते मोजा. गो-टू-आरटीसीचं एक कनेक्शन, रेकॉर्डिंगचं थेट कॅमेऱ्याकडे जाणारं दुसरं, सब-स्ट्रीमचं तिसरं, आणि फोनवरचं कॅमेरा कंपनीचं ॲप उघडं असेल तर चौथं. स्वस्त कॅमेऱ्यांना एवढे ग्राहक झेपत नाहीत. ते नवं कनेक्शन नाकारतात किंवा जुनं गुपचूप तोडतात. पूर्वी तुमच्या कॉन्फिगमध्ये गो-टू-आरटीसीचा भाग नव्हता, अपग्रेडच्या वेळी तुम्ही तो जोडलात. चांगलंच केलंत, पण रेकॉर्डिंगचा पत्ता जुनाच राहिला. तो बदला. कॅमेऱ्याकडे फक्त गो-टू-आरटीसी जाईल आणि रेकॉर्डिंगने त्याच संगणकावरच्या 8554 पोर्टवरून तीच स्ट्रीम घ्यायची. फ्रिगेटमध्ये या पुनर्प्रसारित स्ट्रीमसाठी वेगळा इनपुट प्रीसेट आहे, तोच वापरा. पासवर्डमध्ये ॲट किंवा हॅशसारखी चिन्हं असतील तर पत्त्यात ती टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या कोडमध्ये लिहावी लागतात, नाहीतर पत्ता मधूनच तुटतो.

त्याने भागलं नाही तर कॅमेऱ्याच्या वेब पानावर जाऊन दोन सेटिंग बघा. पहिलं, एच.264 प्लस, एच.265 प्लस किंवा ‘स्मार्ट कोडेक’ अशा नावाचं काही चालू असेल तर बंद करा. दुसरं, की-फ्रेमचं (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचं) अंतर, ज्याला आय-फ्रेम इंटरव्हल म्हणतात. व्हिडिओ कुठेही कापता येत नाही. तुकडा की-फ्रेमवरच सुरू होऊ शकतो. स्मार्ट कोडेक जागा वाचवण्यासाठी शांत दृश्यात की-फ्रेम लांब लांब टाकतो. गॅरेजमध्ये तासन्‌तास काही हलत नाही, त्यामुळे तिथे हे अंतर खूप ताणलं जातं आणि 10 सेकंदांचे तुकडे वेळेवर पाडताच येत नाहीत. 20 एफपीएसच्या (सेकंदाला 20 फ्रेम देणाऱ्या) कॅमेऱ्याला अंतर 20 ठेवा, म्हणजे दर सेकंदाला एक की-फ्रेम. फाइल थोड्या मोठ्या होतील, पण तुकडे वेळेवर पडतील आणि हवा तो क्षण पटकन उघडेल. माझ्या मते घरच्या कॅमेऱ्यात हे सेटिंग रिझोल्यूशनपेक्षा महत्त्वाचं आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

जुनं रेकॉर्डिंग: गायब, पण बहुधा पुसलेलं नाही

तुमच्या कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसा चालवायचा ते डॉकरला सांगणारी फाइल) कॉन्फिगचं अख्खं फोल्डर जोडलेलं नाही, फक्त एक कॉन्फिग फाइल जोडली आहे. फ्रिगेट आपला डेटाबेस त्याच कॉन्फिग फोल्डरमध्ये ठेवतं. फोल्डर बाहेर जोडलेलं नसल्यामुळे डेटाबेस कंटेनरच्या आत राहात होता. अपग्रेड करताना जुना कंटेनर काढून नवा तयार झाला आणि डेटाबेस त्याच्याबरोबर गेला. नवा डेटाबेस कोरा आहे. त्याला जुन्या फाइल माहीत नाहीत, म्हणून टाइमलाइन रिकामी आहे. फाइल मात्र डिस्कवर असणार. तारखेचं जुनं फोल्डर उघडा आणि एखादी फाइल व्हीएलसीमध्ये लावून बघा.

इथे घाई करण्यासारखं एक काम आहे. जुन्या फाइल डेटाबेसमध्ये नोंदलेल्या नसल्यामुळे मुदत संपली तरी रोजच्या सफाईत त्या जाणार नाहीत. त्या जागा अडवून बसतील. डिस्क भरत आली की फ्रिगेट पुसायला सुरुवात करेल आणि त्याला माहीत असलेल्याच फाइल पुसेल, म्हणजे नव्या! जुनं सगळं शाबूत आणि कालचं रेकॉर्डिंग नाही, अशी विचित्र अवस्था येते आणि कारण लवकर सापडत नाही. म्हणून जुन्यातलं जे हवंय ते आधी दुसऱ्या जागी कॉपी करा, उघडून खात्री करा, आणि मग जुनी तारखेची फोल्डरं हाताने काढा. ते होईपर्यंत डिस्क आणि डेटाबेस जुळवून घेणारा सिंकचा पर्याय बंदच ठेवा.

मग कंपोजमध्ये पूर्ण फोल्डर जोडा, लिहिण्याच्या परवानगीसह. हे फोल्डर संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर असू द्या. नेटवर्कवरच्या शेअरवर डेटाबेस ठेवू नका. फ्रिगेट एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतं, आणि नेटवर्क फाइल सिस्टिमवर एसक्यूलाइटचं लॉकिंग भरवशाचं नसतं. ‘डेटाबेस लॉक झालाय’ ही तक्रार बऱ्याचदा तिथूनच येते. पुढच्या अपग्रेडच्या आधी कंटेनर थांबवा आणि हे फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. चालू असताना केलेल्या कॉपीत शेवटच्या नोंदी वेगळ्या वॉल फाइलमध्ये राहून जाऊ शकतात, म्हणून थांबवणं महत्त्वाचं.

डिस्क खरंच जोडलेली आहे का?

तुम्ही हे विचारलेलं नाही, तरी तपासा. अपग्रेडबरोबर संगणक रीस्टार्ट होतो आणि महिनोन्‌महिने झाकलेली एखादी वेगळीच गोष्ट त्या रीस्टार्टमध्ये उघडी पडते.

एका घरी असंच बघितलं होतं. रेकॉर्डिंग चालू, टाइमलाइन भरलेली, पण चौथ्या दिवशी संगणकच ठप्प. मोठी डिस्क रीस्टार्टनंतर माउंटच झाली नव्हती. जिथे ती जोडली जायची ते रिकामं फोल्डर मात्र जागेवर होतं, आणि कंटेनर त्यातच लिहीत राहिला, म्हणजे संगणकाच्या छोट्या सिस्टिम डिस्कवर. डिस्कची जागा दाखवणारी डीएफ कमांड चालवल्यावर लगेच कळलं: रेकॉर्डिंगच्या फोल्डरसमोर 2 टीबीच्या जागी सिस्टिम डिस्कचाच आकडा आणि वापर 100 टक्के. मोठी डिस्क माउंट केली तेव्हा ते चार दिवस दिसेनासे झाले, कारण ते तिच्याखाली झाकले गेले होते. ती काढल्यावर पुन्हा वर आले.

म्हणून डीएफ दोनदा चालवा, एकदा बाहेर आणि एकदा कंटेनरच्या आत. दोन्हीकडे तोच आकार दिसला पाहिजे. कंटेनर सुरू झाल्यानंतर डिस्क माउंट झाली असेल तर सहसा बाहेर बरोबर दिसतं आणि आत जुनंच राहतं. तेव्हा कंटेनर रीस्टार्ट करावा लागतो. कायमचा उपाय म्हणजे एफएसटॅबमध्ये (डिस्क कुठे जोडायच्या ते सांगणारी फाइल) डिस्क तिच्या यूयूआयडीने (न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने) लिहायची आणि ती माउंट झाल्यावरच डॉकर सुरू होईल अशी अट सिस्टिमडीमध्ये (संगणक सुरू होताना सेवा चालवणारा लिनक्सचा भाग) घालायची. एसडीए, एसडीबी ही नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात, त्यांच्यावर विसंबू नका. याच वेळी डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या अंतर्गत नोंदी दाखवणारी कमांड) डिस्कच्या आय-ओ चुका दिसतात का तेही बघा. चुका झाल्या की लिनक्स फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती करून टाकू शकतं, आणि मग जुनं सगळं दिसतं, नवं काहीच लिहिलं जात नाही. नेटवर्क स्टोरेज वापरणाऱ्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपग्रेडनंतर एसएमबीची (नेटवर्कवर फाइल वाटण्याची पद्धत) आवृत्ती तपासावी. जुनी उपकरणं पहिल्या आवृत्तीवर अडून असतात आणि नव्या सिस्टिम ती नाकारतात.

मालकी आणि परवानग्या थोडक्यात: फाइलचा मालक नावाने बघू नका, आकड्याने बघा. कंटेनरच्या आतला आणि बाहेरचा आकडा जुळला पाहिजे. नावं फसवतात.

हार्डवेअर ॲक्सिलरेशनबद्दलही तुम्ही शंका काढली होती. रेकॉर्डिंगमध्ये चित्र उलगडलं जात नाही, ते तसंच कॉपी होतं, त्यामुळे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा रेकॉर्डिंगशी थेट संबंध नाही. अपवाद एकच. एकाच इनपुटवर डिटेक्ट (चित्रातली हालचाल आणि वस्तू ओळखणं) आणि रेकॉर्ड दोन्ही भूमिका दिलेल्या असतील तर दोन्ही कामं एकच एफएफएमपेग प्रोसेस करते. ड्रायव्हर बिघडून डिटेक्टचा भाग पडला की रेकॉर्डिंगही पडतं. दोन भूमिका दोन इनपुटवर ठेवा, सब-स्ट्रीम डिटेक्टला आणि मुख्य स्ट्रीम रेकॉर्डला, म्हणजे एकाचा बिघाड दुसऱ्याला भोवणार नाही.

आणि फाइल आहे, टाइमलाइनवरही आहे, पण उघडल्यावर काळं चित्र दिसतं, तर ती एच.265 (चित्र साठवण्याचा एक कोडेक) आहे का बघा. सगळे ब्राउझर आणि सगळी उपकरणं एच.265 दाखवत नाहीत. व्हीएलसीमध्ये चालली तर रेकॉर्डिंगचा दोष नाही.

झोनमाइंडर हे अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. 1.36 च्या पुढच्या पिढीत मॉनिटरचं जुनं ‘फंक्शन’, म्हणजे मोडेक्ट, रेकॉर्ड, मोकॉर्ड वगैरे, जाऊन त्याजागी कॅप्चरिंग, ॲनालायझिंग आणि रेकॉर्डिंग अशी तीन वेगळी सेटिंग आली. अपग्रेडनंतर प्रत्येक मॉनिटर उघडून ही तिन्ही हाताने तपासा. डेटाबेसचं अपडेट पूर्ण झालंय का, इव्हेंटच्या फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याकडे आहे का, शेअर्ड मेमरी भरली आहे का, आणि डिस्क भरल्यावर जुने इव्हेंट पुसणारा फिल्टर चालू आहे का, एवढं बघितलं की बहुतेक तक्रारी सुटतात. चित्रं जेपीईजी म्हणून साठवत असाल तर डीएफमध्ये आयनोडही (प्रत्येक फाइलच्या नोंदीसाठी लागणाऱ्या जागा) बघा. जागा शिल्लक असून आयनोड संपलेले असू शकतात, आणि चूक मात्र ‘जागा नाही’ अशीच येते.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: आधी डिस्क नीट माउंट आहे याची खात्री, मग जुन्या फाइलची कॉपी, मग कॉन्फिग फोल्डर जोडणं, मग दाराच्या कॅमेऱ्याचा प्रीसेट, सलग रेकॉर्डिंगचे दिवस आणि सर्वांत शेवटी गॅरेज. प्रत्येक बदलानंतर रीस्टार्ट करा, 15 मिनिटं थांबा आणि फाइल मोजा. 15 मिनिटांत सलग रेकॉर्डिंगच्या सुमारे 90 यायला हव्यात. दोन बदल एकदम करू नका, नाहीतर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं ते कळत नाही. सगळं झालं की एक पूर्ण रात्र चालू ठेवून सकाळी तासातासाची फोल्डरं मोजा, कारण अंधारात कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो, चित्रातला दाणेदारपणा वाढतो, बिटरेट वर चढतो आणि दिवसा न दिसणारी गळती तेव्हा दिसते.

गॅरेज एवढ्यानेही तुटत राहिलं तर तीन गोष्टी पाठवा: त्या कॅमेऱ्याच्या मुख्य स्ट्रीमचं एफएफप्रोबचं पूर्ण उत्तर, तुकडा गळाला त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पाच मिनिटांचा लॉग, आणि कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगच्या पानाचं चित्र. पाठवण्याआधी स्ट्रीमच्या पत्त्यातला पासवर्ड खोडायला विसरू नका.